२५.५ ची उलटतपासणी

जुलै २०२५ मध्ये एक बातमी तुमच्याही मोबाइलवर आली असेल. भारत हा जगातला चौथ्या क्रमांकाचा ‘समान’ देश. आपला गिनी निर्देशांक २५.५, चीनचा ३५.७, अमेरिकेचा ४१.८. आपल्या पुढे फक्त स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस. आधार जागतिक बँकेचा, प्रसिद्धीपत्रक केंद्र सरकारच्या पीआयबीचं.

त्यानंतर पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या दोन-तीन जणांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. ‘ताई, आपल्याकडे विषमता इतकी कमी असेल, तर मजुरीतल्या विषमतेवर पीएच.डी. करायला विषय उरतो का?’

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर एका ओळीत देता येत नाही. म्हणून आज हा आकडा आणि तो ज्या टिपणातून आला ते टिपण वाचून बघू. आकडा खोटा नाही, हे आधीच सांगते. तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न बातमीत नव्हता, एवढंच माझं म्हणणं आहे. संशोधनात हा फरक ओळखता आला, तर तुमचं अर्धं काम झालं समजा.

आकडा कुठून आला

जागतिक बँक दरवर्षी देशवार ‘दारिद्र्य आणि समता’ या विषयावर छोटी टिपणं काढते. २०२५ च्या भारतावरच्या टिपणात लागोपाठ तीन वाक्यं आहेत. त्यांचा आशय असा :

एक, खर्चावर आधारित गिनी २०११-१२ मध्ये २८.८ होता, तो २०२२-२३ मध्ये २५.५ झाला, मात्र आकडेवारीच्या मर्यादांमुळे विषमता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असू शकते.

दोन, वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेसनुसार उत्पन्नाचा गिनी २००४ मध्ये ५२ होता, तो २०२३ मध्ये ६२ झाला.

तीन, मजुरीतली तफावत मोठीच आहे. २०२३-२४ मध्ये वरच्या १० टक्के कमावणाऱ्यांची मध्यक कमाई खालच्या १० टक्क्यांच्या १३ पट होती.

बातमी झाली ती पहिल्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याची. त्याच वाक्यातला स्वल्पविरामानंतरचा भाग आणि पुढची दोन्ही वाक्यं वाटेत गळाली.

पण फक्त मथळे देणाऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. टीका टिपणावरही करायला हवी. एक आकडा म्हणतो विषमता घटली, दुसरा म्हणतो वाढली, तिसरा म्हणतो तफावत मोठी आहे. तिन्ही शेजारी ठेवले, पण ते एकमेकांशी का जुळत नाहीत यावर एक ओळही नाही. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केलं. आमच्या प्रयोगवहीत एकाच राशीची तीन मापनं अशी आली असती, तर सरांनी वही परत केली असती आणि विचारलं असतं : उपकरण कोणतं, एकक कोणतं, काय मोजलंस? हेच तीन प्रश्न आपण इथे विचारू.

चार घरं, तीन गिनी

गिनी म्हणजे काय हे पाठ असेल. सगळ्यांना सारखं मिळालं तर ०, एकालाच सगळं मिळालं तर १००. त्याचा आणखी एक अर्थ लक्षात ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडतो. कुठल्याही दोन व्यक्ती चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर त्यांच्यातला अपेक्षित फरक हा सरासरीच्या गिनीदुप्पट असतो. म्हणजे गिनी २५.५ असेल तर फरक सरासरीच्या ५१ टक्के. गिनी ६२ असेल तर १२४ टक्के.

आता भाईंदर पूर्वेची एक गल्ली डोळ्यांपुढे आणा. चार घरं घेऊ. आकडे माझे, फक्त उदाहरणासाठी, आणि घरातली माणसं सारखीच धरू.

पहिल्या घरात भाजी विकणारी बाई. महिन्याला १० हजार मिळतात, १० हजार खर्च होतात.
दुसरं घर वॉचमनचं. २० हजार मिळतात, १८ हजार खर्च.
तिसरं घर खासगी शाळेतल्या शिक्षिकेचं. ३० हजार मिळतात, २४ हजार खर्च.
चौथं घर स्टीलच्या भांड्यांचा गाळा चालवणाऱ्याचं. १ लाख ४० हजार मिळतात, ४८ हजार खर्च, बाकीचे शिल्लक.

वहीत गणित करून बघा. उत्पन्नाचा गिनी ५० येतो. खर्चाचा ३० येतो. कारण उघड आहे. ज्याच्याकडे जास्त आहे तो सगळं खर्च करत नाही, करूच शकत नाही. उरलेल्या पैशाचा फ्लॅट होतो, म्युच्युअल फंड होतो, दुसरा गाळा होतो. खर्चाच्या सर्वेक्षणात हे दिसत नाही.

आता मजुरीचा गिनी काढा. इथे गंमत आहे. मजुरी किंवा पगार मिळतो फक्त वॉचमनला आणि शिक्षिकेला. भाजीवाली स्वयंरोजगारात, गाळेवाला मालक. दोघंही यादीतून बाहेर. उरले २० हजार आणि ३० हजार. गिनी १०.

तीच गल्ली, तीच चार घरं, तोच महिना. ५०, ३० आणि १०. तिन्ही उत्तरं बरोबर. म्हणून कुणी ‘विषमता किती?’ एवढंच विचारलं, तर आधी उलट विचारा : कशातली, आणि कुणाकुणातली?

आता स्लोव्हाकियाकडे परत जाऊ. स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, अमेरिका यांचे त्या यादीतले आकडे उत्पन्नाचे आहेत. आपला खर्चाचा. म्हणजे आपल्या गल्लीचे ३० घेऊन शेजारच्या गल्लीच्या ५० शी तुलना केली आणि आपण जिंकलो असं म्हटलं. सगळेच देश उत्पन्न मोजतात असं नाही. अनेक गरीब देशांत खर्चच मोजला जातो, कारण अनियमित कमाई विचारून नीट कळत नाही. जागतिक बँक दोन्ही प्रकार एका साठ्यात ठेवते, कुठला आकडा कुठल्या प्रकारचा ते नोंदवते, आणि वाचणाऱ्याने ते बघावं अशी अपेक्षा धरते. क्रमवारी लावताना नेमकं ते बघितलं जात नाही.

काळाच्या तुलनेतही अशीच अडचण आहे. २०११-१२ आणि २०२२-२३ ही दोन सर्वेक्षणं एकाच पद्धतीने झाली नाहीत. नव्यात एका घरी एकाऐवजी तीन भेटी दिल्या गेल्या, वस्तूंची यादी बदलली. मधलं २०१७-१८ चं सर्वेक्षण झालं, पण सरकारने ते प्रसिद्ध केलं नाही. त्यामुळे २८.८ वरून २५.५ या उतारात खरी घट किती आणि मोजपट्टी बदलल्याचा भाग किती, हे वेगळं करणं सोपं नाही. आणि वरच्या टोकाचं काय? मीरा रोडच्या कुठल्याही मोठ्या संकुलाच्या गेटवर जाऊन ‘सर्वेक्षणाला आलोय’ म्हणून बघा. रजिस्टर, इंटरकॉम, ‘साहेब नाहीत’. चाळीत दार उघडंच असतं. सर्वेक्षणांत श्रीमंत निसटतात ही जगभरची तक्रार आहे.

मजुरी नेमकी कुणाची?

आता आपल्या मुख्य विषयाकडे. मजुरीतल्या विषमतेवर काम करणारे बहुतेक जण नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, वापरतात. हे सर्वेक्षण २०१७ पासून सुरू आहे. २०२३-२४ च्या फेरीत काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात होते, २१.७ टक्के नियमित पगारावर आणि १९.८ टक्के रोजंदारीवर.

म्हणजे ‘भारतातली मजुरी विषमता’ असं शीर्षक तुम्ही दिलंत, तर काम करणाऱ्या १०० पैकी साधारण ४२ जणांबद्दलच तुम्ही बोलताय. जर्मनीबद्दल किंवा स्वीडनबद्दल तोच शब्द वापरलात, तर बहुसंख्यांबद्दल बोलताय, कारण तिथे बहुतेक जण पगारदार आहेत. शब्द एक, पण त्यात मावणारी माणसं वेगळी.

आणि या ५८ मध्ये कोण आहे? उत्तनच्या मासळी विकणाऱ्या बायका आहेत, भाड्याची रिक्षा चालवणारा आहे, वडिलांच्या दुकानात बिनपगारी बसणारा मुलगा आहे. ‘स्वयंरोजगार’ म्हटलं की डोळ्यांपुढे छोटा उद्योजक येतो. घरी बसून नगामागे पैसे घेऊन काम करणारी बाईही याच रकान्यात जाते. माल दुसऱ्याचा, भाव दुसऱ्याने ठरवलेला, फक्त मालक म्हणून रजिस्टरवर कुणाचं नाव नाही. मजुरीच्या आकड्यांत ती येत नाही, आणि खालच्या टोकाचा एक मोठा तुकडा तिच्याबरोबर गळतो.

दिवसाचा भाव आणि महिन्याची कमाई

टिपणातल्या ‘१३ पट’ या आकड्याकडे यासाठीच सावध नजरेने बघा. माझ्या मते तो तिन्हींपैकी सगळ्यात कामाचा आहे, कारण कमाईबद्दल थेट बोलणारा तोच आहे. पण तो वाचण्याआधी कमाई कशी विचारली जाते ते माहीत हवं. पीएलएफएसमध्ये पगारदाराला मागच्या पूर्ण महिन्याचा पगार विचारतात. रोजंदारीवाल्याला मागच्या सात दिवसांची, दिवसवार मजुरी विचारतात. स्वयंरोजगारवाल्याला मागच्या ३० दिवसांची कमाई. तीन माणसं, तीन घड्याळं.

पुन्हा एक उदाहरण, आकडे पुन्हा माझेच. सकाळी आठला नाक्यावर उभा राहणारा गवंड्याचा हेल्पर. काम मिळालं तर ८०० रुपये. महिन्यात १२ दिवस मिळालं तर ९,६००. दुसरीकडे गाळ्यात पॅकिंग करणारी बाई, महिना १२,०००, कामाचे दिवस २५, म्हणजे दिवसाला ४८०.

दिवसाच्या भावाने मोजलं तर नाक्यावरचा माणूस तिच्या पावणेदोन पटीच्या जवळपास. महिन्याच्या कमाईने मोजलं तर तो तिच्या मागे. क्रमच उलटला. आणि ज्या आठवड्यात सर्वेक्षण झालं त्या आठवड्यात त्याला एकही दिवस काम मिळालं नाही, तर तो त्या आठवड्याच्या मजुरांच्या यादीतच नाही. तो ‘बेरोजगार’. मजुरी विषमतेच्या आकड्यात त्याचं शून्य मोजलं जात नाही. ते वगळलं जातं.

हा फक्त पुस्तकी मुद्दा नाही, आणि त्याचं जुनं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. १९७२ च्या दुष्काळात मूळ धरलेली, वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेली आपली रोजगार हमी योजना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं, त्यासोबत रोहयोचा दरही वाढला. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की दर वाढल्यानंतर योजनेवरचं काम घटलं, आणि मागणी आटली हे त्याचं कारण नव्हतं, तर काम मागणाऱ्यांना ते पुरेसं दिलं जात नव्हतं. दर कागदावर वाढला, हमी मात्र पातळ झाली. ज्याने फक्त मजुरीचा दर बघितला असता, त्याने ‘तळाची मजुरी वाढली, विषमता घटली’ असं लिहिलं असतं.

याचा अर्थ दर वाढवू नयेत असा मुळीच नाही. अर्थ असा की दर आणि दिवस दोन्ही बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

देशादेशांत फरक का पडतो?

आपल्याकडचे बहुतेक सिनॉप्सिस इथे कुझनेट्सपासून सुरू होतात. १९५५ चा निबंध, विषमता आधी वाढते, मग घटते, उलटा ‘यू’. तो निबंध मूळातून वाचा. कुझनेट्स स्वतःच कबूल करतात की यात माहिती सुमारे ५ टक्के आणि अटकळ ९५ टक्के. आपण मात्र तो नियम असल्यासारखा उद्धृत करतो.

दुसरं लोकप्रिय स्पष्टीकरण तंत्रज्ञानाचं. कॉम्प्युटर आले, शिकलेल्यांचे पगार वाढले, बाकीचे मागे राहिले. यात तथ्य आहे. पण कॉम्प्युटर अमेरिकेत आले तसे फ्रान्समध्येही आले, स्वीडनमध्येही आले. मजुरीतली दरी मात्र सगळीकडे सारखी वाढली नाही. अमेरिकेत किमान वेतन जानेवारी १९८१ ते एप्रिल १९९० ताशी ३.३५ डॉलरवर गोठलेलं होतं, महागाई चालूच होती. डिनार्डो, फोर्टँ आणि लेमियू यांनी १९९६ मध्ये दाखवलं की त्या काळात वाढलेल्या विषमतेचा मोठा भाग, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, या घसरलेल्या किमान वेतनाशी जोडता येतो. ब्राझीलमध्ये उलट झालं. १९९६ ते २०१८ मध्ये तिथलं किमान वेतन महागाई वजा करूनही दुपटीहून वाढलं, आणि एंगबॉम व मोझर यांच्या अभ्यासानुसार औपचारिक क्षेत्रातली विषमता घटण्यात त्याचा मोठा वाटा होता. स्वीडनमध्ये तर कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही. तिथे संघटना आणि मालक यांच्या करारांतून दर ठरतात आणि बहुतेकांना लागू होतात.

तेव्हा देश बदलला की बदलतो तो मुख्यतः मजुरी ठरवण्याचा रिवाज. कोण बसून ठरवतं, कायदा काय म्हणतो, आणि तो कुणाला लागू होतो.

हे बघायला परदेशात जावं लागत नाही. मुंबई महापालिकेच्या कचरा कामगारांचंच प्रकरण घ्या. तोच रस्ता, तोच झाडू, तेच कचऱ्याचे डबे. एक कामगार कायम, दुसरा कंत्राटी, आणि दोघांच्या पगारात मोठी दरी. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घकाळ लढा दिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या निकालात याच न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन हे तत्त्व लागू केलं होतं. या दरीचं स्पष्टीकरण कुठल्या कॉम्प्युटरने देणार? कौशल्य तेच, काम तेच. फरक फक्त हजेरीपट कुणाचा यात.

मला वाटतं, भारतात मजुरी विषमतेवर नवीन काही सांगायचं असेल तर ते इथे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या भारत वेतन अहवालात २०११-१२ चे आकडे आहेत. नियमित पगारदाराची सरासरी दिवसाला ३९६ रुपये, रोजंदारीवाल्याची १४३. पावणेतीन पटीचा हा फरक सगळाच शिक्षणाचा आहे का? त्यातला किती फक्त नेमणुकीच्या कागदाचा आहे? हा प्रश्न अजून जिवंत आहे.

‘विषमता कमी झाली’ हे वाक्य

त्याच संघटनेचा २०२४-२५ चा जागतिक वेतन अहवाल सांगतो की २१ व्या शतकाच्या सुरुवातीपासून सुमारे दोन-तृतीयांश देशांत मजुरी विषमता कमी झाली आहे. चांगली बातमी आहे, आणि मी ती खोडणार नाही. त्याच अहवालात हेही आहे की जगातल्या सर्वांत कमी पगाराच्या १० टक्के लोकांच्या वाट्याला एकूण जागतिक मजुरीतले जेमतेम अर्धा टक्का येतात आणि वरच्या १० टक्क्यांना जवळपास ३८ टक्के. अहवालाचं शीर्षकच एक प्रश्न आहे, हे मला आवडलं.

पण ‘कमी झाली’ हे वाक्य वाचलं की मला मे २०२० आठवतो. श्रमिक गाड्या भरून उत्तरेकडे जात होत्या. भाईंदरच्या गाळ्यांना कुलपं होती. पाच कामगार घ्या : ९, १०, ११, ४० आणि ५० हजार पगाराचे. सरासरी २४ हजार. सगळ्यात वरचा सगळ्यात खालच्याच्या साडेपाच पट. आता पहिले तिघं गावी गेले, वरचे दोघं लॅपटॉप उघडून घरून काम करतायत. सरासरी ४५ हजार! तफावत सव्वा पट! कागदावर मजुरी वाढली आणि विषमता जवळजवळ मिटली.

ही अतिशयोक्ती वाटेल. पण २०२० मध्ये अमेरिका आणि ब्राझीलसकट काही देशांत सरासरी मजुरी खरंच वाढलेली दिसली, कारण कमी पगाराच्या नोकऱ्या आधी गेल्या. मोजायला उरलेली माणसंच बदलली होती. म्हणून काळाची तुलना करताना पहिला प्रश्न हा की दोन्ही वेळी यादीत तीच माणसं होती का.

दुसऱ्या बाजूलाही तीच मोजपट्टी

आता न्याय म्हणून उलट बाजूही तपासू. २५.५ ची बातमी आली तेव्हा समाजमाध्यमांवर विरोधकांनी ६२ चा आकडा फडकवला. तोही तितकाच घाईने. वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेसचे आकडे सर्वेक्षण, आयकराची आकडेवारी आणि राष्ट्रीय लेखे एकत्र जोडून तयार होतात. भारतात आयकर विवरण भरणारे लोक मुळात थोडे, आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त. मधल्या मोकळ्या जागा गृहीतकांनी भराव्या लागतात. २०२४ मधल्या अभ्यासात भारती, चान्सल, पिकेटी आणि सोमंची यांनी २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न असल्याचं मांडलं, आणि भारतातल्या आकडेवारीच्या दर्जाबद्दल स्वतःच तक्रारही केली. दिशा मला पटते. दशांशातली अचूकता पटत नाही.

आणि ६२ हाही मजुरीचा आकडा नाहीच. त्यात नफा, व्याज, भाडं सगळं आहे. आपल्या गल्लीतला चौथा माणूस त्यात पूर्ण दिसतो, पण वॉचमन आणि शिक्षिका यांच्यातला फरक वाढला की घटला, हे त्यातून कळत नाही.

यात कुणाचं काय जातं?

तुम्ही म्हणाल, आकड्यांची ही कुस्ती चालूच असते, आपल्याला काय. म्हणून एक शेवटची गोष्ट. २०१९ मध्ये केंद्राच्या श्रम मंत्रालयाने नेमलेल्या, अनूप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने राष्ट्रीय किमान मजुरी दिवसाला ३७५ रुपये असावी असं सुचवलं. तेव्हाची राष्ट्रीय किमान पातळी होती १७६. त्याच वर्षी ती वाढवली गेली. किती? १७८.

दोन रुपये.

३७५ आणि १७८ यांच्या मधल्या जागेत जो वाद व्हायला हवा, तो ‘आपण जगात चौथे’ या वाक्याने सुरू होण्याआधीच संपतो. इतक्या समान देशात तळाची मजुरी वाढवायची घाई कशाला? खर्चाच्या विषमतेचा आकडा मजुरीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे केला की हे होतं. नाक्यावरच्या माणसाला गिनी माहीत नसतो, पण त्याच्या दिवसाचा भाव ठरवताना तो वापरला जाऊ शकतो.

तर तुमच्या प्रस्तावासाठी

विषय उरतो का, या प्रश्नाचं उत्तर आता तुम्हीच द्याल. जाता जाता चार गोष्टी.

शीर्षकात ‘विषमता’ लिहिलंत की पुढच्याच वाक्यात कशातली ते लिहा : ताशी मजुरी, दिवसाची, महिन्याची, उत्पन्न की खर्च.

कुणाला वगळलं ते सांगा, आणि त्यांना घेतलं असतं तर आकडा कुठल्या दिशेने सरकला असता याचा अंदाज द्या. मार्गदर्शक आणि परीक्षक दोघंही खूश होतात, हा अनुभव आहे.

एकाच गुणोत्तरावर थांबू नका. वरचं दशमक भागिले मध्यक आणि मध्यक भागिले खालचं दशमक, असे दोन तुकडे करा. दरी वरून फाटतेय की खालून, हे त्याशिवाय कळत नाही, आणि दोन्हींचे उपाय वेगळे असतात.

आणि आपल्या गावावर काम करायचा मोह होईल, मलाही झाला होता. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाखांवर होती, पण मी बघितलेल्या वर्षांच्या पीएलएफएसचा नमुना राज्य पातळीच्या अंदाजांसाठी आखलेला होता. त्यातून एका शहराच्या हाताला लागलेल्या मोजक्या घरांवर प्रबंध उभा करू नका. शिवाय इथले पगार इथे ठरत नाहीत. सकाळची विरार लोकल ज्यांना अंधेरीला आणि चर्चगेटला नेते, त्यांचा पगार तिथल्या बाजारात ठरतो आणि नोंदला जातो घराच्या पत्त्यावर. शहर घ्यायचंच असेल तर पायी फिरा, नाक्यावर सकाळी उभे राहा, गाळ्यांत विचारा, आणि दर विचारलात की दिवसही विचारा.

मला तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकीने आता विषय ठरवला आहे : एकाच कामावरच्या कायम आणि कंत्राटी कामगारांच्या मजुरीतला फरक. परवा तिने प्रश्नावलीचा पहिला मसुदा पाठवला. पहिला प्रश्न होता, ‘तुमचा पगार किती?’ मी तिला उत्तरात एवढंच लिहिलं : त्याच्या आधी विचार, मागच्या महिन्यात काम किती दिवस मिळालं.